नवा डॅम्पर, नवी बेअरिंग, तरी चाकं नाचतातच: साताऱ्यातल्या एका जिप्सीचं प्रकरण

साताऱ्यात आमचं छोटं गॅरेज आहे. चारचाकी ओढीच्या गाड्यांचं काम जास्त येतं. त्यातल्या एका गाडीनं आम्हाला दोनदा खाली बसवलं, म्हणून ते प्रकरण सविस्तर लिहून ठेवतोय. मालक, चालक आणि आधीची गॅरेजं यांची ओळख लागणार नाही अशी काळजी घेतली आहे. मोजमापं मात्र वहीत लिहिली होती तशीच दिली आहेत.

पार्श्वभूमी

गाडी जिप्सी किंग, 2008 सालची, तिसऱ्या मालकाकडे आलेली. मालक तरुण आहे. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांची देखभाल करणाऱ्या माणसांची ने-आण हा त्याचा धंदा. रोजचा रस्ता म्हणजे बोगदा, सज्जनगड फाटा, ठोसेघर, चाळकेवाडी आणि पुढे पवनचक्क्यांपर्यंत जाणारे मुरमाचे कामाचे रस्ते. पावसाळ्यात त्या रस्त्यांवर गुडघाभर खोल चाकोऱ्या पडतात. शिवाय आठवड्यातून एक-दोन खेपा महामार्गानं कराडला, सामान आणायला.

या दोन वापरांमुळे निदान अवघड झालं. पठारावर गाडी पंधरा-वीसच्या वर जात नाही. तिथे पुढच्या अ‍ॅक्सलमधल्या खोडी वाढत राहतात, पण दिसत नाहीत. त्या दिसतात महामार्गावर.

जिप्सीची रचनाही आधी सांगायला हवी. पुढचा अ‍ॅक्सल अखंड आहे आणि तो पाट्यांवर, म्हणजे पट्टीच्या स्प्रिंगांवर, बसतो. दोन्ही चाकं टाय रॉड नावाच्या आडव्या दांड्यानं जोडलेली, त्यामुळे एक चाक हललं की दुसऱ्याला हलावंच लागतं. चाक ज्या नकलवर (चाकाच्या वळणाऱ्या आधारावर) फिरतं, तो वर-खाली दोन किंगपिनांवर, म्हणजे ज्यांच्याभोवती चाक डावी-उजवीकडे वळतं त्या खुंट्यांवर, आणि टेपर रोलर बेअरिंगवर बसवलेला असतो. अ‍ॅक्सलला आडवा धरून ठेवणारा ट्रॅक बार या गाडीत नाही. पुढचा अ‍ॅक्सल डावी-उजवीकडे सरकू नये ही जबाबदारी पाटे, त्यांचे बुश (सांध्यांतले रबर) आणि शॅकल (पाट्याचं एक टोक चेसीला जोडणारी हलती जोडपट्टी) यांचीच. 2023 मध्ये आपल्याकडे आलेल्या जिम्नीचे अ‍ॅक्सल अखंडच आहेत, पण ते कॉइल स्प्रिंगवर बसतात, तिथे ट्रॅक बार असतो. स्टेअरिंग लटलटलं की आधी ट्रॅक बार बघा, हा सल्ला त्या गाड्यांसाठी बरोबर आहे. जिप्सीत तीच चौकशी शॅकलकडे न्यावी लागते. हे मला माहीत होतं, तरी मी ती चौकशी उशिरा केली.

मालकानं एप्रिलमध्ये दुसऱ्या गावी गाडी उंच करून घेतली होती. पुढचे शॅकल 2 इंचांनी लांब, रिम रुंद आणि बाहेर काढलेली, टायर 235/75 आर 15. मूळचे टायर 205/70 आर 15.

तक्रार

गाडी आमच्याकडे आली दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, बोनेटवर झेंडूची माळ तशीच होती. चालक वयानं मोठे, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. ते म्हणाले, "मिस्त्री, पुलाच्या सांध्यावरनं गाडी उतारली की चाकं नाचाय लागत्यात. स्टेअरिंग हातात ऱ्हात न्हाय. पार तीसवर आणली की मगच गप हुती."

मी त्यांना तीनच गोष्टी विचारल्या. किती वेगाला? साठ-पासष्टला. आपोआप की काही लागल्यावर? नेहमी काहीतरी लागल्यावर, नागठाण्याच्या पुढे एका पुलाच्या सांध्यावर तर हमखास. वेग वाढवला तर थांबतं का? छे, कमी केल्याशिवाय थांबतच नाही.

निदानाचा निम्मा भाग या तीन उत्तरांत होता. चाकाचं बॅलन्सिंग गेलं असेल तर गुळगुळीत रस्त्यावरही ठरावीक वेगाला थरथर सुरू होते आणि तो वेग ओलांडला की बऱ्याचदा कमी होते. इथे तसं नव्हतं. एक धक्का बसायचा आणि मग पुढची दोन्ही चाकं एकमेकांना ढकलत स्वतःच्या जोरावर डावी-उजवीकडे झुलत राहायची. ज्या यंत्रणेनं तो झोका जिरवायचा, तीच त्याला खतपाणी घालत होती.

मामांच्या मीटरचंही एक सांगतो. मोठ्या टायरचा व्यास साधारण 733 मिलिमीटर, मूळच्याचा 668. म्हणजे मीटर जवळजवळ दहा टक्के कमी दाखवत होतं. मामांचे साठ प्रत्यक्षात सहासष्ट होते.

आधी झालेले उपाय

जुलैत पहिल्यांदा त्रास झाला तेव्हा एका ठिकाणी बॅलन्सिंग करून दिलं. दोन आठवडे बरं वाटलं. मग पुढचे टायर मागे, मागचे पुढे. पुन्हा काही दिवस बरं. ऑगस्टमध्ये स्टेअरिंगचा नवा डॅम्पर बसवला आणि जवळजवळ दीड महिना गाडी शांत राहिली. मालकाची खात्री पटली की दोष डॅम्परचाच होता.

डॅम्पर म्हणजे स्टेअरिंगच्या जोडकामाला लावलेला आडवा शॉक अ‍ॅब्सॉर्बर. तो झोका जिरवतो, पण झोका कशामुळे सुरू होतो याच्याशी त्याचा संबंध नाही. नवा डॅम्पर ताकदीचा असतो, म्हणून आतली ढिलाई त्याच्या आड वाढत राहते. तो थोडा थकला की तीच तक्रार आधीपेक्षा जोरात परत येते. इथे तसंच झालं होतं. माझा डॅम्परवर राग नाही. गाडीवर तो असायलाच हवा, पण निदान करताना तो वाटेत उभा राहतो.

पहिली तपासणी

आधी हवा. डावीकडे 22, उजवीकडे 30. दोन्ही सारखी केली, फार फरक पडला नाही.

मग चाकं जमिनीवर ठेवूनच तपासलं. एक पोरगा आत बसून, इंजिन बंद ठेवून, स्टेअरिंग थोडं डावी-उजवीकडे हलवत राहिला. मी खाली आडवा होऊन एकेक सांध्यावर हात ठेवला. गाडी जॅकवर असताना सांध्यांवर वजन नसतं आणि निम्मी ढिलाई लपते, म्हणून हे वजनावरच करायचं. डोळ्याला न दिसणारा खटका बोटांना कळतो. ड्रॅग लिंक, म्हणजे स्टेअरिंगची हालचाल चाकांकडे नेणारा दांडा, ठीक होती. टाय रॉडचा डावा बॉल जॉइंट थोडा सैल, पण एवढ्यानं गाडी नाचणार नाही. शॅकलचे बुश चपटे झालेले दिसले. मी वहीत लिहिलं: "बुश, पुढे बघू". ही नोंद आता वाचताना वाईट वाटतं.

मग जॅकवर. चाक वरून-खालून धरून हलवलं. डावं चाक स्पष्ट हललं. ही ढिलाई हबच्या बेअरिंगची की किंगपिनची, हे ओळखायला सोपी रीत आहे. एकानं ब्रेक दाबून धरायचा. ब्रेकनं डिस्क आणि नकल एकत्र पकडले जातात, हबची ढिलाई गायब होते. तरीही चाक हललं तर दोष किंगपिनचा. आमच्याकडे ब्रेक दाबूनही हललं.

डावा नकल उघडला. आतलं ग्रीस दुधाळ कॉफीच्या रंगाचं, म्हणजे पाणी गेलेलं. नकलच्या गोल भागावरचं सील फाटलं होतं आणि पावसाळाभर चाकोऱ्यांतलं पाणी त्यातून आत जात होतं. खालच्या बेअरिंगच्या वाटीवर रोलरच्या रेघा उमटलेल्या. बोट फिरवलं की त्या जाणवतात. चाक सरळ असताना रोलर त्या खाचांत बसतात, बाजूला वळले की मोकळे होतात.

पहिला निर्णय, आणि माझी चूक

बेअरिंग आणि सील पुण्याहून यायला दोन दिवस लागणार होते. मालक म्हणाला, "काका, उद्या चार माणसं वर न्यायचीत. दुसरी गाडी नाही. हळू चालवतील मामा."

माझ्यासमोर दोन पर्याय होते. गाडी ठेवून घ्यायची आणि त्याला भाड्याची गाडी बघायला लावायचं, किंवा वेगाची अट घालून गाडी सोडायची. मी दुसरा निवडला. "चाळीसच्या वर नाही" असं मामांना सांगितलं. मनात हिशेब असा की त्रास साठच्या पुढे होतो, आणि वरचा रस्ता तसाही हळूच जायचा आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठोसेघरकडून उतरताना, मीटर पंचेचाळीसच्या आसपास असताना, डावं चाक खड्ड्यात गेलं आणि स्टेअरिंग सुटलं. मामांनी दोन्ही हातांनी धरून गाडी डोंगराच्या बाजूला घेतली आणि थांबवली. कुणाला लागलं नाही. दरीची बाजू उजवीकडे होती.

हा निर्णय चुकीचा होता. रिकाम्या गाडीत साठला होणारी गोष्ट भरलेल्या गाडीत, उतारावर, ब्रेक लावताना कमी वेगालाही होऊ शकते. उतारावर ब्रेक लागला की वजन पुढच्या अ‍ॅक्सलवर येतं, पाटे दबतात, नाक खाली जातं आणि चाकाचा कोन आणखी बिघडतो. किंगपिन वर-खाली हललेला मी हातानं पाहिला होता. त्यानंतर गाडी सोडायचा प्रश्नच नव्हता. त्या दिवसापासून नियम केला: स्टेअरिंगची अशी तक्रार असलेली गाडी गॅरेजात आली की दुरुस्त होऊनच बाहेर जाईल. मालकाला पर्यायी गाडी मिळवून द्यायला आम्ही मदत करतो.

पहिली दुरुस्ती

दोन्ही बाजूंची किंगपिन बेअरिंग, वाट्यांसह, बदलली. सीलं नवी. टाय रॉडचा डावा बॉल जॉइंट नवा. किंगपिनखालच्या शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) कमी-जास्त करून घट्टपणा बसवला. टाय रॉड सोडून, सील न लावता, नकलच्या टाय रॉडच्या भोकात स्प्रिंग काटा अडकवून ओढायचा आणि दीड किलोच्या आसपास नकल हलायला लागेल असं ठेवायचं. हातानं अंदाजानं घट्ट करणं धोक्याचं. जास्त झालं तर स्टेअरिंग वळणानंतर सरळ यायला नकार देतं, कमी झालं तर पहिले पाढे पंचावन्न.

महामार्गावर मीटरच्या सत्तरपर्यंत नेली, पुलाच्या त्याच सांध्यावरून. गाडी काही बोलली नाही. दिली.

अठरा दिवसांनी परत आली. तक्रार तीच.

दुसरा निर्णय: काहीच न बदलता मोजायचं

नकल पुन्हा उघडावा असं पोरांचं म्हणणं होतं. मालकाला वाटत होतं बेअरिंग बनावट निघाली. मी ठरवलं की आता एकही भाग बदलायचा नाही, आधी सगळी मोजमापं घ्यायची.

गावातल्या एका अलाइनमेंट सेंटरवर गाडी नेली. त्यांनी दिलेल्या कागदावर कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि टो (दोन्ही चाकं पुढच्या बाजूनं किती मिटलेली किंवा उघडी) होते, कॅस्टरची जागा मोकळी. "या गाडीचा अ‍ॅडजस्ट होत नाही, म्हणून घेत नाही," असं उत्तर मिळालं. जे बदलता येत नाही ते मोजायचं नाही, ही सवय अखंड अ‍ॅक्सलच्या गाड्यांना फार महाग पडते. आग्रह करून फिरत्या पाटांवर चाकं वीस अंश डावीकडे, वीस अंश उजवीकडे वळवून कॅस्टर काढायला लावला. डावीकडे 0.4 अंश, उजवीकडे 0.1. मूळ मापन साडेतीन अंशांच्या आसपास असायला हवं.

कॅस्टर म्हणजे किंगपिनचा मागे झुकलेला कोन. सायकलचा चिमटा वरून मागे कललेला असतो, म्हणून हात सोडले तरी चाक सरळ राहतं. तो कल काढून टाकला तर चाकाला सरळ परत आणणारं बळच उरत नाही. या गाडीच्या पुढच्या चाकांना ते बळ जवळजवळ नव्हतंच.

कल गेला कुठे, याचा हिशेब तिथेच कागदावर केला. जिप्सीत पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला असतो. शॅकल लांब केला की पाट्याचं पुढचं टोक चेसीपासून खाली जातं, मागचं टोक जागेवर राहतं, आणि पाट्यावर बसलेला अख्खा अ‍ॅक्सल पुढे झुकतो. पाट्याच्या दोन डोळ्यांतलं अंतर 91 सेंटिमीटर भरलं. शॅकल 51 मिलिमीटरनं लांब. त्रिकोणाच्या हिशेबानं कल सव्वातीन अंशांच्या जवळपास कमी झाला. साडेतीनातून सव्वातीन गेले. मशीननं दाखवलं तेही तेवढंच.

मग पहिल्या दुरुस्तीनंतर गाडी अठरा दिवस शांत का होती? स्प्रिंग काटा पुन्हा लावला तर डावा नकल दीडऐवजी 1.1 किलोला हलत होता. नवी बेअरिंग बसताना घट्ट असतात, त्यांचं घर्षणच झोका जिरवत होतं. थोडी मुरली, घर्षण कमी झालं, झोका परत आला. म्हणजे जे काम डॅम्परनं दीड महिना केलं, तेच माझ्या घट्ट बेअरिंगनी अठरा दिवस केलं. दोन्ही वेळा गाडी बरी झाली असं सगळ्यांना वाटलं.

बेअरिंग खराब होती हे खरंच होतं, बदलायलाच हवी होती. पण ती खराब सापडल्यावर मी शोध थांबवला.

टोही चुकलेला निघाला. चाकं पुढच्या बाजूनं 4 मिलिमीटर उघडी होती. टायर बाजूनं घासतोय म्हणून आधी कुणीतरी टाय रॉड फिरवलेला असणार.

पर्याय

पहिला, दुहेरी किंवा जास्त कडक डॅम्पर. तो मी नाकारलाच.

दुसरा, पाट्या आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये तीन अंशांची लोखंडी पाचर घालायची. उंची राहते, कॅस्टर परत येतो. हा पर्याय वाईट नाही, काही गाड्यांना मी तो केलाही आहे. लांब यू बोल्ट लागतात, पाचर अ‍ॅल्युमिनियमची असेल तर दबून सैल होते. पण इथे अडचण वेगळी होती. लांब शॅकल बाजूला डोलतो. या शॅकलच्या दोन पट्ट्यांना मधला आडवा आधार नव्हता, बुश चपटे, आणि ट्रॅक बार मुळातच नाही. पाचरीनं कोन सुधारला असता, अ‍ॅक्सलचं आडवं सरकणं तसंच राहिलं असतं.

तिसरा, सगळं मूळ मापावर. शॅकल, बुश, रिम आणि टायरही. बाहेर काढलेल्या रुंद रिममुळे टायरचा मध्य किंगपिनच्या रेषेपासून दूर जातो आणि खड्ड्याचा प्रत्येक धक्का लांब तरफेनं स्टेअरिंगवर येतो, म्हणून रिमही सोडून चालणार नव्हती.

मालकाला तिसरा पर्याय पटत नव्हता. "काका, चाकोरीत डिफरेन्शियल टेकतं हो. म्हणून तर उंच केली." डिफरेन्शियल म्हणजे अ‍ॅक्सलवरचा गिअरचा गोळा. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. हिशेब करून दाखवला: छोट्या टायरनं डिफरेन्शियलखाली सव्वातीन सेंटिमीटर कमी होणार, शॅकलनं चेसी आणखी अडीच सेंटिमीटर खाली येणार. पण शॅकलच्या उंचीचा डिफरेन्शियलला काहीच फायदा नव्हता, कारण अ‍ॅक्सलची उंची फक्त टायरनं वाढते. ही गोष्ट त्याला कुणी सांगितलीच नव्हती. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मापात असा बदल करता येत नाही. माणसं वाहणाऱ्या गाडीचा उद्या अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवणार.

निर्णय त्याच्यावर सोडला. दोन दिवस विचार करून तो आला आणि म्हणाला, मामा या गाडीत बसायला तयार नाहीत, करा मूळ मापावर.

केलेलं काम आणि परिणाम

मूळ लांबीचे शॅकल, सगळे बुश नवे. शॅकलचे बोल्ट गाडी जमिनीवर, स्वतःच्या वजनावर उभी असतानाच शेवटचे कसले. लटकलेल्या गाडीत कसले तर बुश पिळलेले राहतात. मूळ रिम, 205/70 आर 15 टायर. किंगपिनचा घट्टपणा पुन्हा दीड किलोवर. टो-इन (चाकं पुढच्या बाजूनं मिटलेली) 3 मिलिमीटर, खडूची रेघ आणि लाकडी पट्टीनं मोजून, मग मशीनवर पडताळून. कॅस्टर डावीकडे 3.3, उजवीकडे 3.0. उजवीकडचं थोडं कमी आहे. अ‍ॅक्सलला कधीतरी मार बसलेला असावा. त्यासाठी तो वाकवायला घेतला नाही, आणि गाडी एका बाजूला ओढतही नाही.

मग डॅम्पर काढला. पहाटे, रिकाम्या सरळ रस्त्यावर, आत फक्त मी. वीस, तीस, चाळीस, प्रत्येक टप्प्याला डावं चाक मुद्दाम छोट्या उंचवट्यावरून नेत पन्नासपर्यंत गेलो. चाक एकदा हलायचं आणि सरळ व्हायचं. डॅम्परशिवाय गाडी सरळ राहते हे डोळ्यांनी बघितल्यावरच तो परत लावला. मग महामार्ग, तोच पूल, सत्तर. तीन दिवस, तीन वेळा. तिसऱ्या वेळी मामा चालवत होते आणि पुलाच्या अलीकडे त्यांनी सवयीनं वेग कमी केला. मी काही बोललो नाही. परत येताना त्यांनी स्वतःच केला नाही.

आज तेच प्रकरण आलं तर

पहिल्या दिवशीच विचारेन, शेवटची सुरळीत चाललेली कधी आणि त्यानंतर गाडीत काय काय बदललं. उत्तर होतं एप्रिल. शॅकल, रिम, टायर, तिन्ही तेव्हाचे. मी वेगाबद्दल विचारलं, धक्क्याबद्दल विचारलं, हे नाही विचारलं. कॅस्टर मोजायला वीस मिनिटं लागली असती. "बुश, पुढे बघू" असं लिहिण्याऐवजी तिथेच टॉर्च लावून शॅकल बाजूला ढकलून बघितला असता.

मालकाचा खर्च बराच झाला, त्यातला आमच्या पहिल्या खेपेच्या मजुरीचा भाग मी परत केला. दुसऱ्यांदा आणावी लागली ती माझ्या अर्धवट तपासणीमुळे.

पुढच्या पावसाळ्यानंतर, नोव्हेंबरात, गाडी नेहमीच्या सर्व्हिसला आली. सुमारे नऊ हजार किलोमीटर झाले होते. डावा नकल उघडला. ग्रीस आम्ही भरलं होतं त्याच रंगाचं होतं. स्प्रिंग काटा लावला, 1.3 किलो. एक शिम कमी केली आणि बंद केला.